मांजराचा लिटर बॉक्स: सवय कशी लावावी आणि वास मुळातून कसा घालवावा

बेळगावातल्या जुन्या घरांत मांजरासाठी वेगळी सोय करावी लागत नसे. न्हाणीघरातल्या चुलीची राख कोपऱ्यात साचलेली असे, मागे परडे असे, आणि गल्लीत कोणाचे तरी बांधकाम चालू असले म्हणजे वाळूचा ढीग तयारच असे. मांजर उकरून, उरकून, झाकून परत येई आणि घरातल्या कोणाला त्याचा पत्ताही लागत नसे. आता टिळकवाडी, हिंदवाडी, अनगोळ या भागांत मजल्यावर मजले चढले, परड्यांवर फरशी बसली आणि रस्त्यावरच्या वर्दळीत मांजर सोडवत नाही, तेव्हा तीच राख आणि तीच वाळू वेगळ्या रूपात, प्लास्टिकच्या टबात, म्हणजे लिटर बॉक्सच्या डब्यात, घालून आपल्याला घरात आणावी लागते.

त्यानंतर दोन तक्रारी सुरू होतात. मांजर भलत्याच जागी लघवी करते, ही पहिली. आणि घरात पाऊल टाकताच मांजराचा वास येतो, ही दुसरी. माझ्या अनुभवाप्रमाणे या दोन्ही तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा एकच असते, ते म्हणजे ओला राहिलेला, लहान पडणारा किंवा चुकीच्या जागी ठेवलेला डबा. आपल्याला वास जाणवण्याच्या कितीतरी आधी तो मांजराला जाणवलेला असतो, आणि त्याने आपल्यापुरता दुसरा मार्ग शोधलेला असतो.

आधी डॉक्टर, मग डबा

नीट सवय असलेले मांजर अचानक बाहेर लघवी करू लागले, तर डबा बदलण्याआधी ते पशुवैद्यकाला दाखवावे. मूत्राशयाचा दाह, खडे, मधुमेह, म्हाताऱ्या मांजरातला मूत्रपिंडाचा विकार आणि सांधेदुखी या सगळ्यांची पहिली खूण अनेकदा हीच असते. लघवी करताना दुखले की मांजर त्या दुखण्याचा संबंध डब्याशी जोडते आणि मऊ, थंड किंवा गुळगुळीत जागा शोधू लागते. ते रागाने किंवा सूड म्हणून गादी खराब करते, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. ते खरे नाही, आणि त्या समजुतीपायी मार खाणारे मांजर आणखी आडोशाच्या जागा शोधते, एवढेच होते.

एका लक्षणाच्या बाबतीत मात्र सकाळपर्यंतही थांबू नये. बोका वारंवार डब्यात जाऊन बसतो, जोर करतो, ओरडतो, मूत्रमार्ग सारखा चाटतो आणि तरीही थेंबभर किंवा अजिबात लघवी होत नाही, असे दिसले तर मूत्रमार्ग तुंबलेला असण्याची शक्यता असते. बोक्यांचा मूत्रमार्ग अरुंद असल्यामुळे हे त्यांच्यात अधिक घडते आणि पूर्ण तुंबल्यास एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. पुष्कळ जण याला बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजत बसतात आणि तेवढ्यात वेळ निघून जातो. खानापूर, चंदगडकडच्या आडगावांतून रात्री दवाखाना गाठणे सोपे नाही, म्हणून जवळचा कोणता पशुवैद्यक मांजरे पाहतो, याची चौकशी निरोगी दिवसांतच करून ठेवावी. गाई-म्हशींचे डॉक्टर सगळीकडे असतात. बोक्याला कॅथेटर घालण्याचा हात सगळ्यांना नसतो.

लघवी आणि फवारा यांतला फरकही ओळखता आला पाहिजे. मांजर खाली बसून जमिनीवर थारोळे करते तेव्हा तो डब्याचा किंवा तब्येतीचा प्रश्न असतो. उभे राहून, शेपटी वर करून, ती थरथरवत भिंतीवर, कपाटावर किंवा दारावर थोडासा फवारा मारते तेव्हा ते आपली हद्द आखत असते. त्यावर नवा डबा हा उपाय नाही. खच्चीकरणाच्या शस्त्रक्रियेनंतर सुमारे 90 टक्के बोक्यांचा फवारा थांबतो किंवा पुष्कळ कमी होतो. ती साधारण 4 ते 6 महिन्यांच्या वयात करून घेतली, तर बहुतेकांना ती सवय लागतच नाही. वासाच्या दृष्टीनेही ही शस्त्रक्रिया फायद्याची आहे. मांजराच्या लघवीत फेलिनीन नावाचे अमिनो आम्ल असते, त्याच्या विघटनातून गंधकयुक्त, अतिशय उग्र संयुगे तयार होतात, आणि खच्ची न केलेल्या बोक्यात त्याचे प्रमाण सर्वांत जास्त असते. ‘बोक्याचा वास’ म्हणून जो आपण ओळखतो, तो हाच.

डबा कसा असावा

दुकानातले सुबक ट्रे पिल्लांना पुरतात, वाढलेल्या मांजराला पुरत नाहीत. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मांजराची जी लांबी भरते तिच्या दीडपट लांबीचा डबा असावा, म्हणजे त्याला आत वळता येते आणि उकरता येते. भांड्यांच्या दुकानात मिळणारा कपडे ठेवायचा मोठा प्लास्टिकचा टब घेऊन त्याची एक बाजू चार-पाच इंचांपर्यंत कापून, कडा पॉलिशपेपरने घासून गुळगुळीत केली, तर तो विकतच्या ट्रेपेक्षा सरस होतो. गवंड्याचे घमेले बऱ्याच घरांत वापरतात, पण त्याचा तळ अरुंद असल्यामुळे मोठे मांजर काठावर उभे राहते आणि धार बाहेर जाते. खानापूरकडची मातीची पसरट कुंडी दिसायला छान असली तरी झिलई नसलेल्या भाजक्या मातीत लघवी मुरते आणि एकदा मुरली की तिचा वास निघत नाही. प्लास्टिकलाही मर्यादा आहेच. नख्यांच्या ओरखड्यांत वास धरून राहतो, म्हणून टब वर्षाकाठी बदलावा. झाकणाचा डबा माणसाला आवडतो, कारण वास आत राहतो. मांजराला तो याच कारणासाठी नकोसा असतो.

संख्येचा नियम सोपा आहे: जितकी मांजरे, त्याहून एक डबा जास्त. दोन खोल्यांच्या घरात हे अवघड जाते हे खरे, पण दोन मांजरांना एकच डबा दिला तर त्यातले दबदबा असलेले मांजर वाटेत बसून राहते आणि दुसरे गुपचूप सोफ्यामागे जाते. सगळे डबे शेजारी-शेजारी मांडले तर मांजराच्या लेखी तो एकच डबा असतो.

आत काय भरावे

मुलतानी माती आपल्याला चेहऱ्याला लावण्यासाठी माहीत आहे. मांजराच्या आधुनिक लिटरची, म्हणजे डब्यात भरायच्या शोषक पदार्थाची, सुरुवात त्याच जातीच्या मातीपासून झाली. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात 1947 साली एडवर्ड लो या तरुणाने शेजारणीला मांजरासाठी राखेऐवजी ही शोषक माती दिली, आणि त्यातून एक मोठा धंदा उभा राहिला. राखेचा त्रास असा की मांजराच्या पायांचे काळे ठसे घरभर उमटत. आमच्या आजीच्या सोप्यातही ते उमटतच, फक्त सारवलेल्या जमिनीवर ते कोणाच्या डोळ्यांवर येत नसत.

आज गोळे धरणारे जे लिटर मिळते ते बेंटोनाइट मातीचे असते. लघवी पडताच ती फुगते, घट्ट गोळा बनतो आणि तो उचलून टाकता येतो. वासाच्या दृष्टीने मला हाच प्रकार सर्वांत उपयोगी वाटतो, कारण लघवी डब्यात राहतच नाही. बिनवासाचे, बारीक कणांचे, कमी धूळ उडणारे घ्यावे. लव्हेंडर किंवा लिंबाचा सुगंध घातलेले लिटर आपल्या नाकासाठी बनवलेले असते. दोन-अडीच महिन्यांखालच्या पिल्लांना मात्र हे देऊ नये, कारण ती माती चाटून गिळतात आणि ती पोटात फुगू शकते. त्यांना कागदाचे तुकडे किंवा लाकडी भुशाच्या दाबलेल्या कांड्या बऱ्या.

घरच्या पर्यायांविषयी मला नेहमी विचारले जाते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. अथणी, रायबाग, गोकाककडची काळी माती बेंटोनाइटच्याच कुळातली आहे. पाण्याने फुगणारी आणि वाळली की भेगाळणारी. म्हणून ती वापरायचा मोह होतो, पण ओली झाली की ती पंजांना चिकटते आणि घरभर चिखल होतो. खानापूर, बेळगुंदीकडची तांबडी माती फुगत नाही, त्यामुळे लघवी तिच्यातून थेट तळाला उतरते. नदीच्या वाळूचेही तेच. मांजराला वाळू मनापासून आवडते, पण ती शोषत नाही. वापरायचीच असेल तर चाळून, धुऊन, कडक उन्हात वाळवून वापरावी आणि दर दोन दिवसांनी सगळी बदलावी. भातगिरणीतले तूस फुकट मिळते म्हणून लोक आणतात, परंतु त्याच्या वरच्या थरात सिलिका असल्यामुळे ते पाणी फारसे धरत नाही. वखारीतला लाकडाचा भुसा चांगला शोषतो. तो निव्वळ लाकडाचा आहे, प्लायवूडचा नाही, याची खात्री करावी. नारळाच्या काथ्याचा भुसाही भरपूर पाणी धरतो, मात्र पावसाळ्यात तो स्वतःच वाळत नाही.

राख आणि चुना हे दोन पदार्थ मात्र डब्यात अजिबात घालू नयेत. वास मारायला राख, हे आपल्या हाडीमासी खिळलेले आहे, आणि कोरड्या विष्ठेवर ती थोडीफार चालतेही. लघवीचे गणित उलटे आहे. लघवीतल्या युरियाचे जिवाणू अमोनियात रूपांतर करतात; ओलाव्यात आम्लता असेपर्यंत त्यातला बराचसा अमोनिया विरघळलेला राहतो, पण राख किंवा चुन्यामुळे तो ओलावा अल्कधर्मी झाला की अमोनिया वायुरूपाने वर येतो आणि डोळ्यांना झोंबतो. म्हणजे वास घालवायला टाकलेली राखच वास उठवते.

थर दोन ते तीन इंचांचा असावा. लिटर बदलायचे असल्यास एकदम बदलू नये. जुन्यात रोज थोडे नवे मिसळत आठ-दहा दिवसांत पूर्ण बदल करावा.

जागा

मांजर डब्यात असताना सर्वांत असुरक्षित अवस्थेत असते. म्हणून शांत, पण कोंडीत पकडले जाणार नाही अशी जागा त्याला हवी असते, आणि जेवणाची वाटी तिथून लांब हवी असते. वॉशिंग मशीनशेजारी, मिक्सरच्या ओट्याखाली किंवा सतत उघडणाऱ्या दारामागे डबा ठेवू नये. वडगाव-शहापुरात ज्यांच्या घरात यंत्रमाग चालतात त्यांनी मागाच्या खोलीपासून शक्य तितक्या दूरची खोली निवडावी. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीच्या आणि गणेश विसर्जनाच्या रात्री रस्त्याकडेचा डबा आतल्या खोलीत हलवावा, किंवा त्या दिवसांपुरता एक जास्तीचा डबा माजघरात मांडावा. ढोल-ताशांनी आणि डॉल्बीने घाबरलेले मांजर रस्त्याच्या बाजूला फिरकत नाही. पलंगाखाली बसून राहते आणि शेवटी तिथेच उरकते.

सवय लावणे

पिल्लू तीन-चार आठवड्यांचे झाले की उकरण्याची उपजत बुद्धी जागी होते, त्यामुळे शिकवण्यासारखे फारसे नसते. फक्त संधी द्यायची असते. नवे पिल्लू पहिले काही दिवस एकाच लहान खोलीत ठेवावे. खाल्ल्यानंतर आणि झोपेतून उठल्यानंतर त्याला अलगद डब्यात ठेवावे आणि बाजूला व्हावे. पंजे धरून उकरायला लावू नये, त्याने ते बिचकते. बाहेर घाण झाली तर विष्ठेचा छोटा तुकडा डब्यात नेऊन ठेवावा, म्हणजे जागेची ओळख वासानेच पटते. तीन आठवड्यांखालचे अनाथ पिल्लू स्वतःहून लघवी करू शकत नाही. आई जिथे चाटते तिथे कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने हलकेच पुसावे लागते.

रोजचे काम

सकाळी आणि रात्री असे दिवसातून दोनदा गोळे आणि विष्ठा काढावी. मी यासाठी तळणीचा जुना झारा वापरतो. भोके योग्य मापाची असतात, दांडा लांब असतो आणि तो लवकर मोडत नाही. (त्याला लाल दोरा बांधून ठेवला आहे, नाहीतर एखाद्या सणाला तो परत स्वयंपाकघरात जायचा.) काढले तेवढे लिटर वरून घालावे. गोळे धरणारे लिटर असल्यास दोन ते चार आठवड्यांनी, न धरणारे असल्यास दोन-तीन दिवसांपासून आठवड्यापर्यंत सगळा डबा रिकामा करून गरम पाणी आणि बिनवासाच्या साबणाने धुवावा आणि पूर्ण वाळवूनच भरावा.

धुण्यासाठी फिनाइल वापरू नये, हे मी ठासून सांगतो, कारण आपल्याकडे घर पुसणे म्हणजे फिनाइल असे समीकरण आहे. फिनॉल वर्गातली रसायने शरीराबाहेर टाकण्याची यकृताची यंत्रणा मांजरात अतिशय दुबळी असते. पंजांना लागलेले ते चाटते आणि विषबाधा होते. क्लोरोझायलेनॉल असलेली, पाण्यात पांढरी होणारी जंतुनाशकेही त्याच वर्गातली आहेत. ब्लीचिंग पावडर लघवीवर टाकली तर अमोनियाशी संयोग होऊन क्लोरामाइन हा घातक वायू निघतो. न्हाणीघरातल्या डांबर गोळ्या, कापूर, निलगिरीचे तेल हेही मांजराच्या आसपास नकोत.

विष्ठेला नेहमीपेक्षा जास्त वास येत असेल तर आहार तपासावा. बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही, त्यामुळे रोजच्या दूध-भाताने विष्ठा पातळ आणि आंबूस होते. दूध बंद करून जंताचे औषध दिले की पुष्कळ घरांतला वासाचा प्रश्न आठवड्यात निम्मा होतो.

भलत्या जागी लघवी झालेली असल्यास

आमच्या घरी एका जुलैत हे सगळे शिकण्याची वेळ आली. डबा न्हाणीघरात होता, पाऊस पंधरा दिवस हटत नव्हता, हवा इतकी दमट होती की लिटरचा वरचा थर हाताला ओलसर लागे. मांजरी डब्याच्या काठावर पुढचे दोन पाय ठेवी, वास घेई, पंजा झटके आणि माघारी फिरे. चौथ्या दिवशी घडी घालून ठेवलेली गोधडी ओली निघाली. मी गोधडी धुतली आणि खालची फरशी फिनाइलने पुसली. तेव्हा मलाही वरचे काही माहीत नव्हते. तिसऱ्याच दिवशी त्याच जागी पुन्हा. फिनाइलच्या वासाखाली तिला तिचा स्वतःचा वास येतच होता.

म्हणून डाग असा काढावा. ताजे असेल तर आधी जुन्या सुती कापडाने दाबून टिपावे, घासू नये. मग थंड पाण्याने पुसून विकरयुक्त (एन्झाइम असलेला) क्लीनर ओतावा. तो लघवीतले घटक तोडतो, पण त्याला वेळ लागतो, म्हणून जागा किमान 10-15 मिनिटे ओली राहू द्यावी आणि नंतर आपोआप वाळू द्यावी. तो न मिळाल्यास पांढरे व्हिनेगर आणि पाणी समभाग घ्यावे, आम्लामुळे अमोनिया बांधला जातो. इथे एक सावधगिरी आहे: शहाबादी आणि कडप्पा हे दोन्ही चुनखडीचे दगड आहेत आणि व्हिनेगरने त्यांची चकाकी जाते, त्यावर खोलवर डाग पडतात. अशा फरशीवर साबणपाणी आणि विकरयुक्त क्लीनर एवढेच वापरावे, आणि सांध्यांतले सिमेंट विशेष भिजवावे, कारण वास तिथेच दडतो. जुना डाग सापडत नसेल तर रात्री दिवे घालवून अतिनील टॉर्च फिरवावा. वाळलेली लघवी फिकट पिवळसर चमकते. जागा स्वच्छ झाल्यावर तिथे काही दिवस मांजराची खाण्याची वाटी ठेवावी. जेवणाच्या जागी ते सहसा घाण करत नाही.

आमच्याकडचा उपाय शेवटी जागाबदलाचा ठरला. डबा न्हाणीघरातून जिन्याखाली, वारा खेळेल अशा ठिकाणी आणला, दोनाचा थर तीन इंच केला आणि लिटरची उघडी पिशवी झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरली, कारण ती पिशवीतच दमट होत होती. जून ते सप्टेंबर आमच्याकडे हाच क्रम असतो. खानापूरच्या जंगलपट्ट्यात पाऊस आणखी जोराचा असल्यामुळे तिथल्यांनी दोन टब ठेवून ते आलटून पालटून वापरावेत, म्हणजे धुतलेला टब वाळायला दोन दिवस मिळतात.

विल्हेवाट

बेंटोनाइट कधीही संडासात टाकू नये. ते पाइपमध्ये फुगते आणि घट्ट बसते. गोळे कागदात गुंडाळून, पिशवी बांधून, ओल्या कचऱ्यात न मिसळता घंटागाडीत वेगळे द्यावेत. विष्ठा परसबागेच्या खतात घालू नये, विशेषतः कोथिंबीर, मेथी अशा भाज्या असतील तिथे. टोक्सोप्लाझ्मा या परजीवीची अंडी मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडतात. ती संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस लागतात, त्यामुळे रोज साफ केलेला डबा बराचसा निर्धोक असतो. तरीही घरात गर्भवती स्त्री असल्यास हे काम दुसऱ्याने करावे. घरी दुसरे कोणी नसल्यास तिने हातमोजे घालावेत आणि नंतर साबणाने हात धुवावेत. यासाठी मांजर घराबाहेर काढण्याची गरज नसते.

आमच्या स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर दुधाच्या हिशेबाशेजारी रोजच्या गोळ्यांची संख्याही लिहिलेली असते. निरोगी मांजराचे दिवसाला साधारण दोन ते चार गोळे निघतात. मागच्या मार्गशीर्षात आमच्या म्हाताऱ्या मांजरीचे तीनाचे पाच झाले, मग सहा, आणि गोळेही पूर्वीपेक्षा मोठे निघू लागले. डॉक्टरांनी ‘किती दिवसांपासून?’ असे विचारले तेव्हा मी ते पान फाडून सोबतच नेले होते.